तिथीचं न ऐकणारं पाणी

३ जानेवारी, शनिवार. पौष शुद्ध पौर्णिमा. भरती सव्वाअकरा, सुकती साडेपाच. सकाळी धुकं, नऊनंतर कडक ऊन, वारा मुळीच नाही. कमळा लवकर आली, लवकर गेली. आर्या जेवायला आली नाही. बंदरावर काम निघालं असं तिनं कळवलं. गॅसवाला आजही नाही. आमसुलं संपत आली.

एवढं लिहून हेमाताई कीर यांनी पेनाला टोपण लावलं. पानाच्या तळाशी एक ओळ कोरी ठेवली होती. ती रोज दुपारी कोरी ठेवायची आणि दिवेलागणीनंतर भरायची, हा त्यांचा शाळेपासूनचा नेम.

नेम लावून दिला तो बेळगावच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर आग्नेसनं. हेमाताई तिथे बोर्डिंगला होत्या. सिस्टर उंच, हाडकुळ्या आणि बोलायला कोरड्या. त्या म्हणायच्या, मुलींनो, डायरीत रडू नका आणि देवाशी भांडू नका, त्याला लिहून द्यावं लागत नाही. घडलं तेवढं लिहा. शेवटी घरातली एक साधी गोष्ट लिहा. दूध नासलं, चादर फाटली, काहीही. ज्या दिवशी ती गोष्ट सुचणार नाही, त्या दिवशी समजा की तुमच्या पायाखालची जमीन हलली. हेमाताईंनी हे मनावर घेतलं. लग्न होऊन त्या रत्नागिरीत खालच्या आळीत आल्या, मुलगी झाली, मुलगी लग्न होऊन नागपूरला गेली, नवरा गेला. शेवटची ओळ कधी चुकली नाही. नवरा गेला त्या दिवशीची ओळ आहे, ‘मोरीतला नळ गळतो.’

कॉन्व्हेंटनं त्यांना दुसरी एक गोष्ट दिली होती, ती म्हणजे आवाज न चढवणं. आळीत बायका गडग्यावरून गडग्यापलीकडे बोलत. हेमाताई मात्र चपला घालून समोरच्याच्या अंगणात जायच्या आणि मग तोंड उघडायच्या. त्यांचे यजमान राजाभाऊ चारचौघांत थट्टा करायचे, “आमच्या घराला आग लागली तर ही आधी शेजारी जाऊन ‘एक्सक्यूज मी’ म्हणेल, मग पाणी मागेल.”

राजाभाऊ बंदर खात्यात कारकून होते. जेटीच्या टोकाला एक जाडजूड नळ उभा पाण्यात सोडलेला होता. नळात एक तरंगता गोळा, गोळ्याला तार, तारेच्या टोकाला पेन. पाणी चढलं की पेन चढे, उतरलं की उतरे, आणि समोर घड्याळाच्या गतीनं फिरणाऱ्या कागदावर डोंगर-दऱ्या उमटत जात. तो कागद बदलण्याचं काम राजाभाऊंकडे होतं. काम कंटाळवाणं, पण त्यांना त्याची गोडी लागली होती. संध्याकाळी ओटीवर बसून ते बायकोला सांगत, “हे डोंगर चंद्राचे. ते आपण बघायचेच नाहीत. चंद्राचं चंद्राला देऊन टाकायचं, वजा करायचं. वजा जाता काही उरलं, तर ते कोणाचं हे विचारायचं. वाऱ्याचं असेल. वादळाचं असेल. बंदरातल्या पाण्याला आपलं आपण झुलायची खोड असते, तिचं असेल.”

“आणि कोणाचंच नसलं तर?” हेमाताईंनी एकदा विचारलं होतं.

“मग विचारत बसायचं नाही. जिना चढायचा.”

ते हसत सांगायचे, पण त्यांनी आयुष्यभर बंदराजवळ घर घेतलं नाही.

तिथीवरून भरती काढायचा किनाऱ्यावरचा जुना हिशोबही त्यांनीच शिकवला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. तिथून सहा तास आणि थोडे वर गेले की सुकती, म्हणजे पाणी पुरतं ओसरलेलं. पानाच्या माथ्यावर ही वेळ लिहायची सवय त्यांच्यामुळे लागली. ते गेल्यावर सवय उरली, आणि ती सवय कमळाच्या कामी आली.

कमळा खाडीपलीकडच्या भाट्याची. सकाळी हेमाताईंकडे धुणंभांडी करायची आणि सुकतीला खाडीच्या तोंडाशी मुळे काढायला जायची. मुळे म्हणजे वाळूत रुतून बसणारे शिंपले. पाणी ओसरलं की तिथे वाळूचा एक लांब पट्टा उघडा पडतो, त्याला ‘दांडा’ म्हणतात. दांडा आणि किनारा यांच्यामध्ये एक ओहोळ आहे. सुकतीला त्यात गुडघाभर पाणी असतं, पण पाणी वळलं की सगळ्यात आधी तोच भरतो, आणि दांड्यावरचं माणूस दांड्यावर अडकतं. म्हणून वेळेला किंमत. वेळ हेमाताई सांगायच्या, त्याबद्दल कमळा त्यांना मुळ्यांचा एक वाटा आणून द्यायची. वर्षानुवर्षं असं चाललं होतं.

त्या दिवशी सकाळीही तसंच झालं.

“काकी, पानी कवा सुकतंय आज?” कमळानं आल्या आल्या विचारलं.

“साडेपाच. आज मोठी सुकती आहे, दांडा लांबवर उघडा पडेल. पण साडेपाचला पाणी वळलं की तुम्हीही वळायचं.”

“वळनारच. पानी काय माज्या म्हायेरचं हाय, थांब म्हनायला?”

पुढच्या खोलीत आर्या पायात बूट चढवत होती. आर्या पुण्याची, वर्षभर हेमाताईंकडे भाड्यानं राहत होती. जेटीवर आता तरंगता गोळा नाही. पेटीएवढं यंत्र आहे, ते दर मिनिटाला समुद्राची पातळी मोजून पाठवतं. त्या यंत्राची आणि त्याच्या नोंदींची देखभाल आर्याकडे होती. राजाभाऊंच्या कामाचीच ती आजची आवृत्ती, म्हणून हेमाताईंना तिच्याबद्दल माया.

“कमळामावशी, मोबाइलवर मिनिटासकट वेळ मिळते,” आर्या म्हणाली. “दाखवू?”

“तुजा मोबाइल मुळे खातो काय गो? काकीला वाटा देतंय, काकी वेळ देते. उगाच मधी शिरू नको.”

“शिरत नाही. दोघींची वेळ सारखीच येते, दहा मिनिटं इकडेतिकडे.”

“आमची तुळसाकाकी म्हनते, पानी काय कीरबाईचं ऐकतं?” कमळानं हसत बादली उचलली. तुळसा ही तिची शेजारीण, मुळे काढणाऱ्या बायकांत सगळ्यात वडील. तिचा नवरा अर्धांगानं दोन वर्षं खाटेवर होता.

“माझं नाही ऐकत, चंद्राचं ऐकतं,” हेमाताई म्हणाल्या. “मी नुसती निरोप्या.”

संध्याकाळी पाच वाजून गेल्यावर आर्या घरी आली ती जिना चढून, दार उघडंच टाकून तशीच आत. दुपारची उपाशी. तिनं लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि उभ्याउभ्याच पाणी प्यायली.

“आजी, दुपारी मकरानच्या किनाऱ्याबाहेर भूकंप झाला. मोठा.”

“कराचीच्या पलीकडे ना? तिकडूनच एकदा लाट आली होती, मुंबईपर्यंत. माझ्या जन्माच्या आधी. हे सांगायचे.”

“हो. निरोप सगळीकडे गेलेत. आपल्याकडे आलीच तर लहान, पण किनाऱ्यापासून लांब राहा, असं आहे. मिरकरवाड्याच्या मासळी बंदरात जीप फिरतेय, भोंगा लावून.”

हेमाताईंनी तो भोंगा दुपारी ऐकला होता. मच्छीमार बांधवांनी समुद्रात जाऊ नये, होड्या नीट बांधाव्यात. वादळाच्या दिवसांत असं सारखं ऐकू येतं, म्हणून त्यांनी कान दिला नव्हता.

आर्यानं लॅपटॉपचा पडदा त्यांच्याकडे वळवला. “ही निळी रेघ म्हणजे समुद्र, यंत्रानं मोजलेला. ही काळी म्हणजे भरती-ओहोटीचा हिशोब, पाणी किती असायला हवं तो. निळीतून काळी वजा केली की ही लाल.”

निळी आणि काळी दोन्ही दुपारपासून उतरत आल्या होत्या, एकमेकींना चिकटून. नुसत्या त्या बघितल्या असत्या तर काहीच कळलं नसतं. शहाण्यासुरत्या पौर्णिमेची ओहोटी. लाल रेघ मात्र दिवसभर सपाट होती आणि शेवटी शेवटी तिला एक फुगवटा आला होता. नखाएवढा.

“हा काय?”

“तेच बघतेय. पाणी थोडं वर आलं, हिशोबापेक्षा जास्त. आता खाली चाललंय.” आर्यानं ओठ चावला. “बंदराचं आपलं झुलणंही असू शकतं. आणखी एक हेलकावा बघायला हवा, मग नक्की सांगता येईल.”

“चंद्राचं दिलंस?”

“दिलं.”

“वाऱ्याचं?”

“वारा नाहीच ना आज. पानसुद्धा हललं नाही.”

लाल रेघ त्यांच्या देखत टिंबाटिंबानं खाली सरकत होती. फुगवट्याच्या उंचीइतकी खाली गेली आणि थांबली नाही. हेमाताईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. पावणेसहाला थोडी मिनिटं कमी. आता पाणी चढायला लागलं पाहिजे होतं. आणि त्यांना दिसलं ते पडद्यावरचं नाही, दांड्यावरचं. पाणी उतरायचं थांबत नाही, आणि दांड्यावर बायका आहेत.

“कमळा,” त्या म्हणाल्या.

त्यांनी कमळाचा नंबर लावला. पलीकडे वाजायला लागलं, आणि त्याच क्षणी त्यांच्याच स्वयंपाकघरात कसलंसं भक्तिगीत सुरू झालं. ओट्याजवळ चार्जरला कमळाचा फोन लावलेला होता. खाडीत कोण फोन नेतं? खारं पाणी लागलं की संपला. भाट्याच्या बाकीच्या बायकांचे फोनही असेच कुणाच्या फळीवर, कुणाच्या उशाखाली वाजत राहिले असते. आणि भोंगा ऐकला असता तरी त्या थांबल्या नसत्या. भोंगा मच्छीमार बांधवांसाठी होता. त्या बांधव नव्हत्या, आणि मुळे काढणं म्हणजे काही मच्छीमारी नव्हे.

“स्कूटर काढ,” हेमाताई म्हणाल्या.

“आजी, तुम्ही कशाला—”

“मी तिला वेळ सांगितली आहे, आर्या. साडेपाच सांगितली आहे.”

भाट्याच्या पुलावरून जाताना आर्यानं वेग वाढवला. एका अंगाला बसलेल्या हेमाताईंनी तिच्या खांद्यावरून खाडीकडे बघितलं आणि डोळे मिटले. खाली होड्या चिखलात आडव्या पडल्या होत्या. ज्या होड्यांचे तळ त्यांनी आजवर कधी पाहिले नव्हते, त्याही.

किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली हर्षदची चहाची गाडी असते. शनिवार असूनही गर्दी नव्हती. किनाऱ्याचा निरोप हॉटेलवाल्यांपर्यंत पोचला होता. हर्षद मात्र हातातलं फडकं तसंच धरून समुद्राकडे बघत उभा होता. सूर्य टेकत आलेला, पाण्यावर तांबडा पट्टा, आणि दांडा इतका लांब, इतका काळा, की तो संपतो कुठे ते दिसत नव्हतं.

“काय नशीब बघा बायांचं!” तो म्हणाला. “अशी सुकती जन्मात नाय बघितली.”

“ही सुकती नव्हे,” हेमाताई म्हणाल्या.

दांड्यावर सात-आठ बायका होत्या. लांबून नुसते रंगाचे ठिपके. त्या परतीला लागल्या होत्या, डोक्यावर पाट्या, एकीमागे एक. म्हणजे साडेपाचला पाणी वळल्यासारखं झालं होतं आणि त्या निघाल्या होत्या, सांगितल्याप्रमाणे. ओहोळाच्या काठाशी येऊन त्या आता थबकल्या होत्या. ओहोळात पाणीच नव्हतं. ओल्या वाळूवर काहीतरी चकचकत उडत होतं. छोटे मासे असावेत. पुढची बाई वळली. तिनं मागे समुद्राकडे हात केला. मग बाकीच्या वळल्या. पाट्या डोक्यावरून कमरेवर आल्या, आणि त्या सगळ्या समुद्राच्या दिशेनं धावायला लागल्या.

सात-आठ बायका, पदर खोचून, पळत्या पाण्यामागे धावताहेत. मुळ्यांची जी जागा कधीच उघडी पडत नाही, ती उघडी पडली होती. कोणाला दम निघणार?

आर्यानं स्कूटरचा हॉर्न दाबून धरला. कुणी बघितलंसुद्धा नाही. पुलावर दिवसभर हॉर्नच वाजत असतात. ती बूट काढून वाळूत उतरली तशी हेमाताईंनी तिचा दंड धरला. “तू खाली जायचं नाहीस.”

“पण त्यांना ऐकू कसं जाणार?”

खाडीवर हाक घालायची एकच रीत आहे. तोंडापुढे हात धरून, पोटातून, लांब ओढलेला ‘कूऽऽ’. त्याला कुकारा म्हणतात. हेमाताईंनी तो आयुष्यभर ऐकला होता आणि एकदाही घातला नव्हता. त्यांनी दोन्ही हात तोंडापाशी नेले. पहिल्यांदा नुसता खोकला निघाला. मग आवाज आला. तो त्यांचा वाटत नव्हता. पातळ, फाटका, पण लांब जाणारा. हर्षद दचकून मागे सरला. त्यांनी श्वास घेतला आणि पुन्हा घातला. आणि पुन्हा. तिसऱ्यानंतर छातीत कळ आली आणि त्या चहाच्या गाडीला धरून खाली बसल्या.

दांड्यावर एक हिरवं लुगडं थांबलं.

थांबलं, आणि तिथेच गुडघ्यांवर बसलं. छातीवर हात आपटताना दिसले. पुढे पोचून वाकलेल्या, हाताला लागेल ते पाटीत टाकणाऱ्या बायका मागे आल्या, तिच्याभोवती गोळा झाल्या. एकीनं तिची पाटी उचलली, दोघींनी तिला काखेत हात घालून उभं केलं, आणि सगळा घोळका किनाऱ्याकडे धावत सुटला.

“कळलं त्यांना,” आर्या म्हणाली. “आजी, कळलं!”

लाट अशी दिसलीच नाही. पाण्याची कड जरा जाड झाल्यासारखी वाटली, एवढंच. मग आवाज आला, सुपात तांदूळ घोळवल्यासारखा, आणि खाडी उलटी वाहायला लागली. दांड्याचं टोक गेलं. पाणी समोरून यायच्या आधी कुशीवरून आलं, ओहोळातून, चिखलाच्या रंगाचं, काटक्या आणि फेस घेऊन. बायका ओहोळात शिरल्या तेव्हा ते घोट्याला होतं. मध्ये आल्या तेव्हा कमरेला. हिरव्या लुगड्याला मध्ये घेऊन त्यांनी एकमेकींचे हात धरले होते. हर्षदनं गाडीच्या ताडपत्रीचा दोर सोडून फेकला, स्वतः कमरेपर्यंत उतरला, आणि एकेकीला ओढून घेतलं. शेवटची कमळा. तिचं एक पाऊल सुटलं, ती आडवी झाली, डोकं पाण्याखाली गेलं आणि पाटी तेवढी वर राहिली. दोर धरून पाण्यात उतरलेल्या आर्यानं तिला झिंज्यांनी धरून वर घेतलं.

“पाटी सोड गो!” हर्षद ओरडला. तिनं पाटी सोडली नाही.

बायका वाळूवर पडल्या, उठल्या, झाडांपर्यंत आल्या. हिरव्या लुगड्यातली तुळसा मात्र सरळ हेमाताईंपुढे येऊन उभी राहिली. अंगातून पाणी निथळत होतं.

“कवा ग्येले?” तिनं विचारलं.

“कोण?”

“आमचे. कवा ग्येले? तुमाला कोनी सांगितलन?”

हेमाताईंना काही कळेना. कमळा खोकत खोकत उठली. “काकी, तुमी घातलात काय कुकारा? तीन?”

“मीच. का?”

बायकांतली एकजण हळूच म्हणाली, “आमच्यात एक घालतात. खाडीवरल्या बाईला बोलवायला एक. तीन घालतात ते घरातलं मानूस ग्येलं तर.”

म्हणजे त्यांना काही कळलं नव्हतं. पाणी, भूकंप, लाट, काहीच नाही. खाटेवर नवरा असलेली त्यांच्यात एकटी तुळसा. हाक तिच्यासाठी आली असं सगळ्यांनी धरलं, आणि तशा बाईला एकटी परत पाठवत नाहीत, म्हणून सगळ्या वळल्या.

“तुळसाबाई, तसं काही नाही,” हेमाताई म्हणाल्या. “त्यांना काही झालेलं नाही. पाणी येत होतं म्हणून मी—”

“काय झालेलं नाय?” तुळसाचा आवाज चढला. “मग तीन कशाला घातलास? कोनी शिकवलन तुला? जिवंत मानसावर तीन हाका!”

“तुळसाकाकी, बघ तरी मागे,” कमळा म्हणाली. “दांडा खय हाय?”

तुळसानं मागे बघितलं नाही. “ती हाक रिकामी जात नाय,” ती हेमाताईंच्या तोंडासमोर बोट नेऊन म्हणाली. “घातली की कोनाला तरी नेते. आता कोनाला नेतेय ते बघ.”

“माझा दम तीनदाच पुरला,” हेमाताई म्हणाल्या.

तुळसा तशीच ओलेती वाडीकडे गेली. बाकीच्या बायकाही एकेक करून उठल्या. हेमाताईंचे आभार कुणी मानले नाहीत. जाताना दोघींनी तर त्यांच्याकडे बघायचंही टाळलं. समोर पाणी पुन्हा माघारी निघालं होतं, भराभर, आणि काळोख पडायच्या आत ते आणखी एकदा आलं. दांड्यावर आता कुणी नव्हतं.

हर्षदचा फोन वाजला. मिरकरवाड्यातून त्याचा मेहुणा. हर्षदनं ऐकलं, हसला, आणि ओला शर्ट पिळत सांगितलं, “तिकडे मस्करी चाललीय. म्हनतात सुनामी आली काय नि ग्येली काय, आमच्या होडीचा दोर पन ताणला नाय. पुढल्या टायमाला जीप आली तर चहा पाजून परत पाठवू म्हनतात.”

घरी येताना पुलावर आर्यानं स्कूटर उभीसुद्धा केली नाही.

दिवेलागणीनंतर कमळा आली. तुळसाच्या घरून तशीच ओलेती, फोन न्यायला आली होती. हेमाताईंनी तिला कोरडं लुगडं दिलं, आलं घालून चहा केला. तिनं कपाळावरचा ओरखडा झाकून घेतला आणि पदराखालची पिशवी टेबलावर ठेवली.

“वाटा.”

“आज वाटा आणलास तू?”

“का? वेळ सांगितलीत ना तुमी?” तिनं पिशवी मोकळी केली. “बगा तर काकी, कसे हायत.”

हेमाताईंनी असे मुळे कधी पाहिले नव्हते. एकेक मुठीएवढा, जाड, काळपट, वर्षानुवर्षं कुणाचा हात न लागलेला.

“त्या टोकाला नुसते पसरलेत,” कमळा म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. “इळा पन लागत नाय, हातानं उचलायचे. सगळ्या जनी तेच बोलतायत आता. जागा कळली. पुढल्या पुनवेला जरा लवकर जाऊ, म्हंजे—”

“कमळा, ती जागा सुकतीत उघडी पडत नाही. चंद्र पाणी तिथपर्यंत नेत नाही.”

“आज नेलंन ना?”

“आज चंद्रानं नेलं नाही.”

“मंग कोनी?”

कमळानं चहाचा शेवटचा घोट घेतला आणि कप विसळून पालथा घातला.

“ज्यानं नेलंन, त्यो परत नेईल,” ती म्हणाली. “आमी काय, वाट बगू.”

दाराशी जाऊन ती थांबली. “तुळसाकाकी जेवली नाय. खाटेपाशी बसून हाय, काकांच्या छातीवर हात ठेवून. वर खाली व्हतेय का ते बगते.”

ती गेल्यावर हेमाताई पुढच्या खोलीत डोकावल्या. आर्या लॅपटॉपपुढे बसली होती. निळी आणि काळी आता चढणीला लागल्या होत्या, पौर्णिमेच्या रात्रीच्या भरतीकडे, अगदी वेळेवर. लाल रेघ मात्र वर खाली, वर खाली होत होती.

“अजून?” हेमाताईंनी विचारलं.

“अजून दोन-तीन दिवस तरी. एकदा आत शिरलं की लवकर स्वस्थ होत नाही. बाहेर कुणाला दिसणार नाही, भरतीत मिसळून जाईल.” तिनं वर बघितलं. “आजी, ही लहान होती. फार लहान.”

“हं,” हेमाताई म्हणाल्या.

त्यांनी डायरी उघडली. दुपारचं अक्षर सरळ, एकसारखं होतं. माथ्यावर ‘सुकती साडेपाच’. ती त्यांनी खोडली नाही, कारण ती चूक नव्हती. त्यांनी कोऱ्या ओळीवर पेन टेकवलं. सिस्टर आग्नेस काय म्हणायच्या ते त्यांना आठवत होतं, आणि घरातली गोष्ट सुचत नव्हती. बाहेर रस्त्यावरून कुणीतरी कुणालातरी हाक मारली, तशा त्या दचकल्या. हाक एकच होती. मग त्यांनी स्वयंपाकघराकडे बघितलं आणि लिहिलं:

पौर्णिमा म्हणून मुळे आज केले नाहीत, मिठाच्या पाण्यात घालून ठेवले. रोजच्या टोपात मावले नाहीत, मोठं पातेलं काढावं लागलं.